वनहक्काचा सामूहिक दावा: बी फॉर्म की सी फॉर्म?

वनहक्क कायद्याखाली गावाने मिळून केलेल्या दाव्याबद्दल कुणीतरी 'सामूहिक दावा मंजूर झाला, पण जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आलंच नाही' असं म्हटलंय. बहुधा फक्त बी फॉर्म भरला गेला असावा. त्यात निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारं बाकीचं) यांचे हक्क येतात. जंगल राखण्याचा, व्यवस्थापनाचा हक्क सी फॉर्मवर मागावा लागतो, पारंपरिक हद्दीच्या नकाशासह. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टरवर मिळाला तो हाच.

ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. सह्या, अंगठे त्याच दिवशी घ्या. दावे इथेच लंगडे पडतात. पुरावे किमान दोन. ज्येष्ठांचा लेखी जबाब, देवराई, स्मशानभूमी, जुन्या विहिरी हे सगळं चालतं. आणि शेजारच्या गावांना हद्द ठरवतानाच बोलवा, कृपया!