मदत हवी आहे : आयर्लंडच्या डिंगल द्वीपकल्पावर वाटाड्यासह आठवडाभराची पायी भ्रमंती

नमस्कार,

येत्या मे महिन्याच्या उत्तरार्धात मी आणि माझे यजमान आयर्लंडला जाण्याचा विचार करीत आहोत. आमची मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला राहते. तिच्याकडचा मुक्काम आटोपल्यावर एक आठवडा पश्चिम किनाऱ्यावर, केरी काउंटीतील डिंगल द्वीपकल्पावर, वाटाड्यासह पायी फिरावे असा बेत आहे. अटलांटिक महासागरात घुसलेल्या या चिंचोळ्या भूभागाभोवती ‘डिंगल वे’ नावाची, खांबांवर खुणा केलेली पायवाट आहे. ती ट्रॅली गावातून निघते आणि द्वीपकल्पाला वळसा घालून ट्रॅलीलाच परत येते.

आमच्यासमोर दोन प्रकारच्या सहली आहेत. पहिल्या प्रकारात आठवडाभर डिंगल गावातील एकाच हॉटेलात मुक्काम असतो. रोज सकाळी छोटी बस त्या दिवशीच्या वाटेच्या तोंडाशी सोडते, वाटाड्या दहा-बारा जणांच्या गटाला १० ते १५ किलोमीटर चालवतो आणि संध्याकाळी बस परत आणते. दुसऱ्या प्रकारात रोज पुढच्या गावी मुक्काम असतो. सामान गाडीने पुढे जाते आणि आपल्या पाठीवर फक्त दिवसभराची पिशवी राहते, परंतु रोजची चाल २० किलोमीटरच्या आसपास असते आणि क्लोहेन ते कॅसलग्रेगरी हा टप्पा तर जवळजवळ ३० किलोमीटरचा आहे. यजमानांना दुसरा प्रकार हवा आहे, कारण वर्तुळ पूर्ण केल्याशिवाय आपण चाललो असे त्यांना वाटतच नाही. मला पहिला बरा वाटतो.

आमच्या तयारीविषयी थोडे सांगते. मी ५८ वर्षांची आहे आणि यजमान ६३ वर्षांचे. दोघेही दर आठवड्याला आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. राजगड आणि खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगड अलीकडेच झाला आहे. चढताना दम लागत नाही, मात्र मोठ्या उतारावर यजमानांचा उजवा गुडघा दुखतो. दोन्ही सहलींच्या माहितीपत्रकांत ‘मध्यम’ अशी एकाच शब्दाची श्रेणी दिलेली आहे आणि सह्याद्रीत चालणाऱ्या माणसाने त्या शब्दाचा काय अर्थ घ्यावा हे मला समजलेले नाही.

पावसाबद्दलही जाणत्यांचे मत हवे आहे. तिकडे पाऊस सतत असतो असे सगळेच सांगतात, पण आम्ही भर आषाढात लोहगडावर जाणारी माणसे असल्यामुळे त्या सांगण्याचे नेमके वजन कळत नाही. शिवाय मी अंडेसुद्धा खात नाही. यजमान अंडी खातात, मांस-मासे नाही. लहान गावांतील घरगुती निवासांत आमची सोय कितपत होईल?

शेवटचा प्रश्न यजमानांचा. ते भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. दख्खनचा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) आयुष्यभर शिकवला, तेव्हा याच प्रवासात उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे हे बेसॉल्टच्या स्तंभांचे ठिकाण पाहावे, असा त्यांचा आग्रह आहे. हे एका व्हिसात जमते का?

प्रतिसाद (लिमरिकहून)

ताई, मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि डिंगलला वारंवार जातो, म्हणून आधी त्या ‘मध्यम’ शब्दाबद्दल लिहितो. तुमच्या चढण्याच्या ताकदीची इथे फारशी परीक्षा होत नाही. खरी परीक्षा ओल्या जमिनीची, वाऱ्याची आणि रोज सलग चालण्याची असते. सिंहगड चढून उतरल्यावर आपण घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पाय पसरून बसतो. इथे पाचव्या दिवशीही तेच ओलसर बूट पायात घालून निघावे लागते, आणि तळपायाला आलेला फोड तोवर चांगला पिकलेला असतो.

जमीन समजून घ्या. डोंगरउतारांवर पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा पाणी धरून ठेवणारा थर असतो. वरून गवत सपाट दिसते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. कुंपणे ओलांडण्यासाठी लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात आणि त्या पावसात शेवाळलेल्या असतात. उरलेली बरीचशी वाट शेतांमधल्या अरुंद डांबरी रस्त्यांवरून जाते, आणि गुडघ्याला चिखलापेक्षा डांबरच अधिक बाधते. इंच किंवा फर्मॉयलच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी घट्ट वाळू मिळाली तर चालणे सुखाचे होते. भरतीच्या वेळी मऊ वाळूतून जावे लागले तर तेच अंतर दुप्पट वाटते. वाटाड्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून दिवसांचा क्रम बदलतो. एका गावी मुक्काम असेल तरच त्याला हे स्वातंत्र्य असते. रोज पुढचे गाव ठरलेले असेल तर हवा कशीही असो, त्या दिवशीची वाट त्याच दिवशी चालावी लागते.

एवढ्या कारणासाठीच मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरला तर तुमचे यजमान गावात थांबू शकतात, बंदरावर बसून चहा घेऊ शकतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गटात सामील होऊ शकतात. द्वीपकल्पाचे पश्चिम टोक, म्हणजे स्ले हेड, डनक्विन, गॅलरसचे प्रार्थनागृह आणि ब्लास्केट बेटे, हा सगळा मुलूख डिंगल गावापासून जवळ आहे. गॅलरस अवश्य पाहा. चुना न वापरता, एकावर एक दगड किंचित पुढे सरकवत रचलेली ती छोटी वास्तू आहे आणि दगडांना बाहेरच्या बाजूने दिलेल्या उतारामुळे पावसाचे पाणी अजूनही आत येत नाही. हेमाडपंती देवळे पाहिलेल्या माणसाला तिथून लवकर निघवत नाही. ट्रॅलीच्या बाजूचे पहिले आणि शेवटचे टप्पे चुकले तर, माझ्या मते, फार काही चुकत नाही.

ग्रेट ब्लास्केट बेटावरची फेरी कार्यक्रमात ‘हवामान अनुकूल असल्यास’ या शब्दांत दिलेली असते आणि ते शब्द गांभीर्याने घ्यावेत. समुद्र खवळलेला असेल तर होडी निघत नाही. निघाली तरी मोठ्या होडीतून लहान होडीत उतरून बेटावर पाय ठेवावा लागतो आणि तिथल्या पायऱ्या निसरड्या असतात. १९५३ मध्ये शेवटच्या २२ रहिवाशांना सरकारने मुख्य भूमीवर हलवले, तेव्हापासून गावातली घरे बहुतांशी बिनछपराची उभी आहेत. होडी निघाली नाही तर डनक्विनचे संग्रहालय आहे, आणि ते नाईलाजाने पाहण्यासारखे मुळीच नाही; त्याला दोन तास द्या.

प्रतिसाद (पुण्याहून)

पावसाबद्दल मला भर घालायची आहे. केरीच्या टोकावरील व्हॅलेन्शिया येथे वर्षाकाठी सुमारे १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा कमीच. परंतु आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि तिकडचा बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ओले असतात. त्यातल्या त्यात एप्रिल ते जून हा काळ कोरडा, तेव्हा तुमचा महिना योग्य आहे. मेच्या अखेरीस साडेनऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे अंधार पडेल म्हणून घाई करावी लागत नाही.

लोहगडावर आपण भिजतो आणि भिजलेलेच चालतो, कारण हवा उबदार असते. तिथे मे महिन्यात तापमान १० ते १५ अंशांच्या आसपास असते आणि वारा समुद्रावरून येतो. भिजलेल्या अंगाला तो लागला की हुडहुडी भरते, म्हणून भिजायचेच नाही या हिशेबाने कपडे घ्यावेत. छत्री निरुपयोगी आहे. आपल्याकडचा डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तोही नको. अंगाबरोबर बसणारे जलरोधक जाकीट, वरून चढवायची जलरोधक विजार, लवकर वाळणारी आतली विजार (जीन्स अजिबात नको), घोटा झाकणारे जलरोधक बूट आणि लोकरीच्या मोज्यांचे जादा जोड एवढे पुरे. बूट इथेच विकत घेऊन सिंहगडावर पुरते रुळवून न्या. यजमानांसाठी दोन काठ्या घ्या. त्या विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत.

आयर्लंडमध्ये साप नाहीत, तेव्हा गवतात निर्धास्त पाय टाका. गोचिडी मात्र असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. झुडपांतून चालून आल्यावर संध्याकाळी पाय आणि गुडघ्यांची मागची बाजू तपासण्याची सवय ठेवा.

प्रतिसाद (डब्लिनहून)

जेवण आणि व्हिसा या दोन विषयांवर लिहिते.

घरगुती निवासांत न्याहारी भरपूर असते, पण ‘पांढरे पुडिंग’ आणि ‘काळे पुडिंग’ या नावांना भुलू नका. ते गोड पदार्थ नसून डुकराच्या मांसाचे प्रकार आहेत आणि काळ्यात रक्तही असते. तुम्हाला ओटची लापशी, फळे, दही, टोस्ट, लोणी आणि सोडा घालून केलेला गव्हाचा तपकिरी पाव सहज मिळेल. त्या पावात ताक असते. काही घरांत अंडेही घालतात, म्हणून विचारून घ्यावे. दुपारचे भाज्यांचे सूप कोंबडीच्या अर्कात शिजवलेले असू शकते, हेही विचारावे. आपण ‘शाकाहारी’ म्हटले की तिथे अंडी चालतात असे गृहीत धरले जाते, म्हणून नोंदणी करतानाच ‘अंडे नको’ असे स्वतंत्रपणे लिहून द्या. डिंगल गावात शाकाहारी जेवण देणारी उपाहारगृहे आहेत आणि चांगले किराणा दुकानही आहे. क्लोहेनसारख्या लहान वस्तीत निवड फारच थोडी असते. खोलीत बहुधा पाणी तापवण्याची किटली असते, त्यामुळे गरम पाणी ओतून होणारा उपमा किंवा पोहे जवळ ठेवा. मात्र युरोपीय संघाबाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पेढे, खवा घरीच ठेवून या.

आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणून शेंगेन व्हिसा चालत नाही. आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. सीमेवर चौकी नाही, बस सरळ पलीकडे जाते, पण चौकी नाही म्हणून व्हिसाची अट सुटत नाही. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त व्हिसा योजना आहे. तीत तसा शेरा असलेल्या व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. हा शेरा तुमच्या व्हिसावर मिळेल का, हे अर्ज भरण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. विमान लंडनमार्गे घेत असाल तर ब्रिटनचे नियम तिथल्या विमानबदलालाही लागू होतात; आखातातून थेट डब्लिनला येणे सोपे. व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटे काढू नयेत, असे आयर्लंडचे अधिकारीच सांगतात.

सरांसाठी एक गोष्ट. डिंगलचे खडक मुख्यतः वालुकाश्म आहेत, बेसॉल्ट तिथे भेटणार नाही. अँट्रिमचे सुमारे ४०,००० स्तंभ साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ही बेसॉल्टच्या स्तंभांची टेकडी आहे, तिचे भाईबंदच म्हणा. डब्लिनहून सकाळी निघून रात्री परत येता येते. डिंगलच्या आठवड्यात मात्र ते बसवू नका, दोन टोके आहेत ती.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एका गावी मुक्काम असलेली सहल घ्यावी यावर आमच्याकडे जवळजवळ एकमत झाले आहे. यजमानांची एकच अट उरली आहे. ब्रँडन पर्वताच्या खांद्यावरून जाणारी वाट त्यांना चालायचीच आहे आणि ती या सहलीतही पाचव्या दिवशी आहे. गुडघ्याचा विचार करता त्यांना जाऊ द्यावे का?

प्रतिसाद (लिमरिकहून)

ब्रँडनचा माथा ९५२ मीटर उंच आहे, पण ‘डिंगल वे’ माथ्यावर जात नाही. ती उत्तरेकडच्या खांद्यावरून सुमारे ६५० मीटरवर पलीकडे उतरते. ब्रँडन क्रीक या खाडीपासून चढ सुरू होतो. १९७६ मध्ये साहसी प्रवासी टिम सेव्हरिन इथूनच चामड्याच्या होडीतून अटलांटिक ओलांडायला निघाले होते. म्हणजे चढ जवळजवळ तुमच्या आतकरवाडीच्या वाटेएवढाच, आणि तो सरांना जड जाणार नाही. अडचण पूर्वेकडच्या उताराची आहे. त्याचा सुरुवातीचा भाग तीव्र, दगडांचा आणि चिखलाचा आहे, आणि वर ढग बसले तर पुढचा खांबही दिसत नाही. एकट्याने न जाता वाटाड्याबरोबर जाण्यासारखा या संपूर्ण वाटेवर एखादा दिवस असेल तर तो हाच.

कोरड्या दिवशी, दोन काठ्या घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून जायला हरकत नसावी. आदल्या दिवशी दुखले असेल तर नको. त्यासाठी कंपनीला आत्ताच दोन गोष्टी विचारा. त्या दिवशी गटाबरोबर एकच वाटाड्या असतो की दोन? आणि एखाद्याने खिंडीपर्यंत चढून आल्या वाटेने परतायचे ठरवले तर त्याच्याबरोबर कोण उतरते, आणि बस त्याला घ्यायला पश्चिमेच्या बाजूला येते का? एका कंपनीने माझ्या परिचितांना ‘तिथे पाहू’ असे उत्तर दिले होते आणि ऐनवेळी सगळ्या गटाला परतावे लागले. किमान किती जण झाले तर सहल निघते आणि रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत मिळतात, हेही त्याच पत्रात विचारा, आणि उत्तर लेखी आल्यावरच आगाऊ रक्कम भरा.