कवितेचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला की घर शाळेला जोडलं जातं?

चौथीची_आई: परवा इथे एका काकांनी लिहिलं की बाईंनी धड्याचा ऑडिओ ग्रुपवर टाकायचा, मुलाने वाचून व्हिडिओ पाठवायचा, झाली घराची आणि वर्गाची जोडणी, पालकांनी आता रडगाणं थांबवावं. रडगाणं म्हणालात म्हणून सविस्तर लिहिते.

मुलगा मराठी माध्यमात, चौथीत. रात्री साडेआठला मेसेज: 'उद्या सकाळपर्यंत कवितागायन. गणवेशात. मागे पसारा नको.' मी दुकान बंद करून नऊला घरी पोचते. अर्धवट झोपलेल्या पोराला शर्ट चढवायचा, भिंतीशी उभं करायचं. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तो कविता म्हणत नसतो, माझ्या तोंडाकडे बघत ओठ हलवत असतो. ग्रुपवर पस्तीस-चाळीस व्हिडिओ पडतात, सगळ्यांना सारखाच अंगठा. 'श'चा 'स' होतोय हे त्याला कोण सांगणार? वर्गात वाचून घेतलं असतं तर जागच्या जागी दुरुस्त झालं असतं. वर्गातलं काम आईच्या फोनवर ढकलायचं आणि त्याला जोडणी म्हणायचं, हे मला मान्य नाही.

झेडपी_गुरुजी: ताई, अंगठ्यावर बोललात म्हणून सांगतो. आमच्याकडे दोन शिक्षक, चार वर्ग. पोषण आहाराची ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या, वरून येणाऱ्या लिंका. व्हिडिओ बघायचे कधी? पण म्हणून तंत्रज्ञानालाच झोडपू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींकडे मुलांची घरची भाषा कन्नड होती. त्यांनी पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली, क्यूआर कोड लावले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. 2020चा ग्लोबल टीचर प्राइझ उगाच नाही मिळाला.

सदाशिवपेठी: कोड आले, पुढे काय? नातीच्या पुस्तकातला कोड 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवर उघडून बघितला. एक बाई तोच धडा फळ्यासमोर वाचतायत. हे तर शाळेत झालंच होतं! आणि पैसा कुठे मुरला ते बघा. 2023 साली पुस्तकातच 'माझी नोंद'ची कोरी पानं घातली, पुस्तकाचे चार भाग केले. म्हणे दप्तर हलकं होणार. पोरं वेगळ्या वह्या नेतच राहिली. 2025मध्ये निर्णय रद्द. त्या कागदाचा हिशोब कोण देणार?

वऱ्हाडी_बाणा: आजोबा, तुमच्या नातीला वह्यांचं दुकान कोपऱ्यावर आहे. आमच्या गावात जूनमध्ये पेरणीचे पैसे आधी, वह्या मागून. फुकटच्या पुस्तकातच लिहायला पान मिळालं तर पोराचा जीव भांड्यात पडतो. शाळेत आज काय झालं हे माझ्या वहिनीला त्याच पानावरून कळायचं. तिला ना ॲप लागलं ना रेंज.

सदाशिवपेठी: वह्या फुकट वाटा, कोण नाही म्हणतंय? धड्यामागे एक-दोन पानं, त्यात काय लिहिणार? शुद्धलेखन? निबंध? बारा ओळींत निबंध उरकणारी पिढी तयार होतेय.

वऱ्हाडी_बाणा: ज्याच्याकडे शून्य ओळी होत्या त्याला बारा मिळाल्या. तुम्हाला हे समजायचं नाही, कारण तुम्हाला कधी वही उसनी मागावी लागली नाही.

सदाशिवपेठी: माझं बालपण तुम्हाला ठाऊक नाही. तोंड सांभाळून बोला.

चौथीची_आई: अहो, धागा माझा होता. वह्यांचा नवीन काढा ना.

खान्देशी: मूळ मुद्द्यावर येतो. धुळ्याकडे तिसरीला शिकवते माझी बायको. वर्गात एक मुलगा तोंडच उघडत नसे; घरी सगळं अहिराणी, पुस्तकातली मराठी त्याला परकी. तिने गृहपाठ उलटा फिरवला. आजीला जात्यावरची एखादी ओवी विचारायची आणि फोनवर आवाज धरायचा. दुसऱ्या दिवशी तो आवाज वर्गात लावला. आजीने मध्येच थांबून नातवालाच दटावलं होतं, तेही त्यात आलं. वर्ग हसला आणि हा पोरगा उठून ओवीचा अर्थ सांगायला लागला, आधी अहिराणीत, मग मराठीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या संशोधकांनी अशा लाखभर ओव्या जमवल्यात, त्यातल्या कितीतरी 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यातल्या दोन लावून तिने मुलांकडून आजीच्या ओवीशी ताडून घेतल्या. घरचं वर्गात आलं, तर भाषा शिकवायला काहीतरी हाती लागतं.

चौथीची_आई: फोन कोणाचा? पुन्हा आईचाच ना? आणि आजी गावाला असेल तर?

खान्देशी: ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या आज्या शाळा सुटताना यायच्या, बायकोच्या फोनवर बोलायच्या. मुदत आठवड्याची. गणवेश नाही, चेहरा नाही, फक्त आवाज. आणि तो ग्रुपवर जात नाही, त्यामुळे कोणाचं घर कसं दिसतं याची चर्चा नाही.

झेडपी_गुरुजी: चांगलं आहे. पण तुमच्या घरात शिकवणारी एक, ऐकणारे तुम्ही. केंद्रप्रमुखांना फोटो लागतो. आवाजाचा फोटो कसा पाठवू?

चौथीची_आई: बरं, आवाजाचं पटलं. फक्त आवाजाचं. व्हिडिओबद्दल मी एक शब्द मागे घेत नाही. सोमवारी बाईंना भेटून एवढंच मागणार आहे: रात्री आठनंतर काही टाकू नका, आणि दहा मुलांचं तरी वर्गात ऐका.

सदाशिवपेठी: मागा. आणि कोऱ्या पानांचंही विचारा.