थंडीत रस्त्यावरच्या माणसांना ऊब मिळावी म्हणून काय केलंत? अनुभव लिहा

कोपरीकर
काल रात्री उशिरा ठाणे स्टेशनला उतरले. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली एक आजी दोन्ही पाय पोत्यात घालून भिंतीला टेकून बसल्या होत्या. बघितलं आणि आई आठवली. दिवाळी उरकली की ती जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची आणि बाबांच्या सायकलवर लादून स्टेशनकडे न्यायची. कुणाला पांघरूण देण्याआधी वाकून अंथरूण हातानं चाचपायची. लादी गार लागली की आधी गोणपाट अंथरायची, मग वाकळ. "वरून कितीही घाला, खालची फरशी सगळी ऊब ओढून घेते," म्हणायची.

आपल्याकडे कुठली आलीय थंडी, असं सगळेच म्हणतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले होते. तेवढं नेहमी होत नाही हे खरंच, पण उपाशी पोटी, ओल्या कपड्यात, उघड्यावर झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला १४-१५ अंशही भारी पडतात. तुम्ही काय केलंत, कशाचा उपयोग झाला, लिहा ना.

रानजाई
खालच्या थराबद्दल अगदी बरोबर! तुर्भ्याच्या फळबाजारात पेट्यांचे जाड पुठ्ठे मिळतात, मागितले तर हमाल दादा स्वतः बांधून देतात. आम्ही उतरवलेले फ्लेक्स सगळ्यात खाली घालतो, ओल वर येत नाही. त्यावर पुठ्ठा, मग सोलापुरी चादर. नुसती चादर वाटून निघून जाऊ नका, पहाटे दवानं ती भिजते.

निशिगंध
पोळ्या चालू आहेत, नंतर सविस्तर लिहिते. तोवर एकच, कानटोप्या द्या!! चादरींचे ढीग येतात, डोकं कुणाच्या लक्षात राहत नाही.

जुना_डॉक्टर
एक प्रसंग सांगतो. वाशीला बस थांब्यामागे एक गृहस्थ पडले होते, बोलणं जड झालेलं. लोक म्हणाले, प्यायलाय, राहू द्या. वासच नव्हता. अंग बर्फासारखं गार, शर्ट ओला आणि कुडकुडणं थांबलेलं. कुडकुडणं थांबलं म्हणजे माणूस सावरला असं समजू नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाऊन आणखी उतरत गेलं की स्नायूंची ती ताकदच संपते. आम्ही त्यांना आडोशाला नेलं, ओला शर्ट काढून कोरडं गुंडाळलं, छाती-पाठीला ऊब दिली आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला. हातपाय चोळू नयेत. पूर्ण शुद्धीवर असल्याशिवाय चहासुद्धा पाजू नये. आणि कृपा करून कुणी "थोडी घे, गरम वाटेल" म्हणू नका. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, वरून गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते.

सुगरण_ऐरोली
डॉक्टरकाका, हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. आमचे वॉचमनकाका सत्तरीचे आहेत, रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीत असतात.
@कोपरीकर, वाकळीच्या आत काय भरायचं गं? माझ्याकडे सासूबाईंची नऊवारी पडून आहेत.

कोपरीकर
काही भरायचं नाही, जुनी धोतरं नि चादरी एकावर एक घालायच्या. मऊ लुगडं वरून. टाके जवळजवळ घाल, नाहीतर धुतल्यावर आतलं सगळं गोळा होतं.

लेकीकडे_पाहुणी
मी जानेवारी २०१९ मध्ये शिकागोला लेकीकडे होते. ३० तारखेला उणे ३० अंशांपर्यंत गेलं होतं. मला लक्षात राहिल्या त्या बस. शहरानं त्या उभ्या करून ठेवल्या होत्या, कुठे जायच्या नाहीत, नुसतं आत येऊन ऊब घ्यायची. ३११ ला फोन केला की जवळचं उबदार केंद्र सांगायचे. कुणी विचारत नव्हतं की बाबा तू कोण, कागद दाखव. मला ते फार आवडलं.

कळवा_पूर्व
आपल्याकडेही नियम आहे. शहरी बेघरांसाठी १ लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा. पण माणसं जात का नाहीत ते विचारून बघा. आमच्या नाक्यावरचे एक मामा कितीही सांगितलं तरी नको म्हणायचे. लोक त्यांना हट्टी ठरवून मोकळे. शेजारी बसून बोललो तेव्हा कळलं की हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीला जाईल, आणि गाडी गेली की रोजी गेली. एका वर्कशॉपवाल्यानं आवारात गाडी साखळीनं बांधू दिली, मामा त्याच रात्री आत झोपायला गेले. नवरा-बायकोंचंही तसंच, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे म्हटलं की दोघं फुटपाथच पत्करतात.

येऊरची_वाट
वीटभट्ट्यांवर कुणी जातं का? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर येतात, पावसापर्यंत तिथेच, पेंढ्याच्या खोपीत. एका बाळंतिणीचं बाळ फार बारीक होतं, तळवे निळसर. आशाताईंनी बाळाचे कपडे काढून टोपी तेवढी ठेवली, आईच्या उघड्या छातीवर पोटाशी पोट लावून ठेवलं आणि दोघांना मिळून लुगड्यानं बांधलं. आजी पदरानं वारा अडवत बसली. थोड्या वेळानं बाळ चोखायला लागलं. मग दवाखान्यात नेलं.
आणि खोपीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू देऊ नका. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

सुगरण_ऐरोली
वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये शेगडी असते!! आत्ता खाली जाऊन येते.

पामबीच
भटकणारी, स्वतःशी बोलणारी माणसं दिसली की लोक लांबूनच जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला संरक्षण देणं पोलिसांचं काम आहे, ठाण्यावर जाऊन सांगा. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशाच लोकांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, डॉक्टरांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळालाय. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, पण तो सकाळी ८ ते रात्री ८. रात्री ११२ लावा.

निशिगंध
झाल्या पोळ्या. आमचं काम एका मोठ्या रुग्णालयाच्या बाहेर. पेशंट आत आणि बरोबर आलेली माणसं पायऱ्यांवर. परभणीच्या एक काकू होत्या, चादर घेईनात. "आमच्याकडं हाय समदं, गावाला," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, तुमच्या पेशंटला डिस्चार्ज मिळेपर्यंत वापरा, मग पुढच्या बाईला द्या. मग घेतली, आणि जाताना धुऊन, घडी करून पानवाल्याकडे ठेवून गेल्या. तेव्हापासून तो पानवालाच आमचं कपाट झालाय.
सीवूड्सचं कुणी आहे का इथे? लोकर माझ्याकडे आहे, विणणारे हात कमी पडतायत.

रानजाई
मी करावेला. आईला विणता येतं, सुया आहेत. लहान मुलांचं माप पाठव.