दुर्बीण कोणाच्या वाट्याला येते? बाद पद्धतीच्या मतदानाविषयी

निरीक्षक

‘सर्वोत्तम कोण’ हे ठरवण्यासाठी हल्ली सर्रास बाद पद्धतीचे मतदान घेतले जाते. सोळा नावे, आठ जोड्या, प्रत्येक जोडीत जास्त मते मिळवणारा पुढच्या फेरीत आणि चौथ्या फेरीअखेर एक विजेता. ही रचना खेळाच्या मैदानावरून जशीच्या तशी उचललेली असल्यामुळे निःपक्षपाती वाटते. परंतु मतदानाला ती लावली की निकाल मतदारांपेक्षा सोडतीवर अधिक अवलंबून राहू शकतो, असे माझे मत आहे.

लहान उदाहरण घेऊ. सर्वांत उपयुक्त शोध निवडायचा आहे आणि चाक, छपाई, वीज व दुर्बीण हे चार उमेदवार आहेत. मतदारांचे तीन समान गट आहेत. पहिल्याचा पसंतीक्रम चाक, छपाई, वीज असा. दुसऱ्याचा छपाई, वीज, चाक असा. तिसऱ्याचा वीज, चाक, छपाई असा. दुर्बीण तिघांच्याही यादीत शेवटी. आता जोड्या लावून पाहा. चाक छपाईला हरवते, छपाई विजेला हरवते आणि वीज चाकाला हरवते, तेही दर वेळी दोन-तृतीयांश मतांनी. उपांत्य फेरीत चाकासमोर दुर्बीण आली, तर दुसऱ्या बाजूला छपाई विजेला बाद करते आणि अंतिम फेरीत चाक छपाईवर मात करते. दुर्बीण छपाईसमोर आली तर छपाई विजेती, विजेसमोर आली तर वीज. एकाही मतदाराने मत बदललेले नाही. ज्याच्या वाट्याला दुर्बीण, तो विजेता. पसंतीचे असे चक्र तयार होऊ शकते, हे कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने 1785 मध्येच दाखवले होते. जोड्या लावणाऱ्याला मतदारांचा कल आधी ठाऊक असेल, तर त्याला एकही खोटे मत टाकण्याची गरज पडत नाही.

साधा मतदार

आपले उदाहरण चोख आहे, पण बेतलेले आहे. पुष्कळदा इतर प्रत्येकाला समोरासमोर हरवू शकेल असा एखादा उमेदवार असतोच, आणि त्याला सोडतीत कुठेही टाकले तरी तोच जिंकतो. उलट, प्रत्येकाकडून हरणारा उमेदवार बाद पद्धतीत कधीच विजेता होऊ शकत नाही; ही हमी लहान नव्हे. सोळा नावे एकाच मतपत्रिकेवर ठेवून ‘एक निवडा’ म्हटले, तर सारख्या धाटणीच्या उमेदवारांत मते फुटतात आणि बहुसंख्यांना मुळीच नको असलेला कोणीतरी पाचव्या हिश्शाच्या मतांवर बाजी मारून जातो. त्यापेक्षा दोघांना समोरासमोर उभे करणे मला अधिक न्याय्य वाटते.

निरीक्षक

मते फुटण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र आपण सांगितलेल्या दोन्ही हमींना एक अट आहे, ती म्हणजे प्रत्येक फेरीला तेच मतदार हजर असावेत आणि त्यांनी मनापासूनचे मत द्यावे. प्रत्यक्षात मंगळवारच्या जोडीला एका उमेदवाराचे चाहते लोटतात, गुरुवारी ते फिरकतही नाहीत, आणि सर्वांना हरवू शकणारा आपला तो उमेदवार एका सुस्त दुपारी पहिल्याच फेरीत गारद होतो. दुसरे असे की, आपल्या आवडत्याला पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून शेजारच्या जोडीत मुद्दाम दुबळ्याला मत देणारे लोक असतातच. (मीही एकदा दिले आहे, हे कबूल करायला हरकत नाही.) मैदानावर प्रेक्षकाला असे काही करता येत नाही, कारण तिथे गोल खेळाडू करतो.

कोपऱ्यातला गणिती

विजेत्याची चर्चा झाली, पण उपविजेत्याचे काय? लुईस कॅरल या टोपणनावाने परिचित असलेले गणिती चार्ल्स डॉजसन यांनी 1883 मध्ये लॉन टेनिसच्या स्पर्धांविषयी हेच विचारले होते. सोडत चिठ्ठ्या टाकून काढली, 32 खेळाडू आहेत आणि दर वेळी सरस खेळाडूच जिंकतो असे धरले, तरी खऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता 31 पैकी 16 एवढीच राहते. कारण तो अव्वल खेळाडूच्याच अर्ध्या भागात पडला, तर अंतिम फेरीपूर्वीच बाहेर जातो. टेनिसने यावर मानांकनाचा, म्हणजे सरस खेळाडूंना आधीच क्रम देऊन सोडतीत एकमेकांपासून दूर ठेवण्याचा, उपाय काढला. मतदानात मानांकन द्यायचे कशावरून? आधीच्या लोकप्रियतेवरून दिले, तर जे मोजायचे तेच आधी गृहीत धरल्यासारखे होते.

साधा मतदार

मग निर्दोष पद्धत कोणती, तेही सांगा. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर न्याय्यतेच्या काही साध्यासुध्या अटीसुद्धा पसंतीक्रमावर चालणाऱ्या कोणत्याही एका पद्धतीत एकत्र नांदू शकत नाहीत. शिवाय लोक जोडीजोडीवर वाद घालतात, पुढच्या फेरीची वाट पाहतात. ती रंगत आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

निरीक्षक

रंगतीसाठी खेळायचे असेल तर माझा काहीच आक्षेप नाही. आक्षेप ‘सर्वोत्तम’ या शिक्क्याला आहे. सर्व पद्धती सदोष आहेत असे ॲरो यांच्या सिद्धान्तावरून म्हणता येते, सारख्याच सदोष आहेत असे नव्हे. सोळा नावांच्या 120 जोड्या होतात आणि बाद पद्धत त्यांपैकी केवळ 15 विचारते. मतदाराने एकदाच पसंतीक्रम लिहून दिला, तर सगळ्या 120 जोड्यांचा निकाल त्याच कागदांवरून काढता येतो, आणि वर सांगितल्यासारखे चक्र असेल तर तेही उघड दिसते.

साधा मतदार

सोळा नावांचा क्रम लावणे म्हणजे परीक्षेचा पेपर सोडवणे आहे. मी तर पहिली पाच लावून उठेन.

निरीक्षक

पाचच लावा. उरलेली अकरा नावे त्या पाचांच्या खाली आणि एकमेकांना समान मानता येतात. त्या अकरांच्या आपसातल्या 55 जोड्यांत आपले मत धरले जाणार नाही, परंतु बाकीच्या 65 जोड्यांत धरले जाईल. बाद पद्धतीत चारही फेऱ्यांना न चुकता हजर राहिलात, तरी 15 जोड्यांपलीकडे आपल्याला कोणी विचारत नाही.