मदत हवी आहे: वंशावळ काढतेय आणि एकच आजोबा दोन ठिकाणी येतायत

कैरीचं_पन्हं:
नमस्कार. आधीच सांगते, इतिहास माझा विषय नाही, सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, त्यामुळे काही चुकलं असेल तर हसा पण सांगा. आमच्या सोसायटीत बायकांचा वाचनकट्टा आहे, दर महिन्याला एकीने वीस मिनिटं बोलायचं, या वेळचा विषय 'जुनी पत्रं' आणि मी नको तिथे हात वर केला. झालं काय, मागच्या वर्षी लेकीबरोबर व्हिएन्नाला गेले होते, तिथे शोनब्रुन राजवाड्यात एका लग्नाची भिंतभर चित्रं लावलीयत, त्यातल्या एकात गर्दीत छोटा मोझार्ट आहे आणि जो येईल तो मान वर करून मोझार्ट शोधत होता. गंमत म्हणजे लग्न १७६० चं, तेव्हा मोझार्ट चार वर्षांचा, तो तिथे नव्हताच, पुढे त्याचं नाव झालं म्हणून चित्रात मागाहून घुसवलाय. नवरी कोण हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही विचारलं, घरी येऊन फोटो बघताना सुचलं.

तर नवरी म्हणजे पार्माची इझाबेला. जन्म ३१ डिसेंबर १७४१, माद्रिद. वडील फिलिप, म्हणजे स्पेनच्या पाचव्या फिलिप राजाचा मुलगा, आणि आई लुईझ एलिझाबेथ, ही फ्रान्सच्या पंधराव्या लुईची थोरली लेक. आईचं लग्न बाराव्या वर्षी झालं, इझाबेला झाली तेव्हा आई चौदाची. चौदा! माझी भाची त्या वयाची आहे, तिची वेणी अजून माझी बहीण घालते. पुढे १७४८ च्या तहात फिलिपला पार्मा मिळालं (ते त्याच्या आईचं, एलिझाबेथ फार्नेसेचं माहेर) आणि सगळं बिऱ्हाड इटलीत आलं. आई १७५७ ला व्हर्सायला माहेरी गेली ती परत आलीच नाही, लेकीचं व्हिएन्नाच्या घरात जमवायच्या खटपटीत होती आणि डिसेंबर १७५९ मध्ये तिथेच देवी येऊन वारली. लेकीचं लग्न काही तिने बघितलं नाही.

लग्न दोनदा लागलं, सप्टेंबर १७६० ला पार्मात नवऱ्याशिवायच, त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी उभं करून, आणि मग ऑक्टोबरात व्हिएन्नाला खरोखरचं. नवरा जोसेफ, ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या मारिया थेरेसाचा थोरला मुलगा, तो एकोणिसाचा, ही अठराची. जोसेफ तिच्यापायी पुरता वेडा. सासूलाही सून आवडली, आणि ही सासू म्हणजे सोळा बाळंतपणं आणि अख्खं राज्य एकटीने ओढणारी बाई, सहजी कुणावर खूश होणारी नव्हे. पण इझाबेलाचा जीव जडला तो नणंदेवर, मारिया क्रिस्टिना, घरात मिमी म्हणायचे. एकाच राजवाड्यात राहून ही तिला चिठ्ठ्या लिहायची, सगळ्या फ्रेंचमध्ये, त्यातल्या जवळपास दोनशे आजही आहेत.

१७६२ ला पहिली मुलगी झाली, तिचं नाव आजीवरून मारिया थेरेसाच. १७६३ च्या नोव्हेंबरात पुन्हा दिवस गेलेले असताना हिलाही देवी आल्या, २२ तारखेला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली ती त्याच दिवशी गेली, आणि २७ ला ही गेली. बाविसावा वाढदिवस महिन्यावर होता.

आता माझा घोळ. पत्रं वाचण्याआधी कोण कुणाचं कोण हे बायकांना कळावं म्हणून मी मोठ्या कार्डशीटवर वंशावळ काढायला घेतली, डावीकडे आईकडचे, उजवीकडे वडिलांकडचे, असं बहिणीचं लग्न जुळवताना काढतात तसं. तर पंधरावा लुई डावीकडे आजोबा म्हणून आला आणि उजवीकडेही आला!! वडिलांचा चुलत भाऊ म्हणून! दोनदा खोडलं, कागद झिजून पातळ झाला. माझंच काहीतरी चुकतंय का? शिवाय कागदावर दोन मारिया लुईसा आहेत, दोन फर्डिनांड आहेत, आणि इझाबेलाच्या नावापुढे 'सम्राज्ञी' लिहिलंय ते बरोबर का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, त्या नणंदेच्या पत्रांबद्दल बोलू काय? मैत्री म्हणू की प्रेम? आमच्या कट्ट्यावर पंचाहत्तरीच्या काकू पण असतात आणि कॉलेजच्या मुली पण. शनिवारी कार्यक्रम आहे, प्लीज.

फाटकी_डायरी:
तुमचं काहीच चुकलेलं नाही, घराणंच तसं आहे. पंधराव्या लुईचे वडील आणि स्पेनचा पाचवा फिलिप हे सख्खे भाऊ, दोघंही चौदाव्या लुईचे नातू. म्हणजे पंधरावा लुई आणि इझाबेलाचे वडील हे सख्खे चुलत भाऊ झाले, आणि लुईने आपली बारा वर्षांची लेक आपल्याच चुलत भावाला दिली. त्यामुळे लुई हा इझाबेलाचा आईकडून आजोबा आणि बापाकडून चुलत काका. डावं-उजवं असं काढूच नका, वर एकच माणूस घ्या, चौदाव्या लुईचा मुलगा, तिथून दोन फांद्या खाली येऊ द्या, त्या फिलिप आणि लुईझ एलिझाबेथच्या लग्नात परत जुळतील.

आणि सम्राज्ञी खोडा. जोसेफ सम्राट झाला १७६५ ला, त्याचे वडील वारल्यावर. ती त्याआधीच गेली होती.

सगोत्र_समिती:
म्हणजे स्वतःच्या चुलत काकाशी लग्न?? आमच्याकडे मामाची मुलगी चालते पण हे म्हणजे पत्रिका बघायलाही गुरुजी बसणार नाहीत. आणि मग आईच इझाबेलाची चुलत-चुलत बहीण लागली की हो. माझं डोकं गरगरलं, चहा घेऊन येतो.

पाटावरची_कोरांटी:
पन्हंताई, दोन मारिया लुईसांचा गुंता मला सोडवता येईल, मी पण एकदा यात अडकले होते. एक इझाबेलाची सख्खी धाकटी बहीण, ती १७६५ ला चुलत भावाला दिली, तो पुढे स्पेनचा चौथा कार्लोस. दुसरी मारिया लुईसा ही त्याच कार्लोसची बहीण, म्हणजे इझाबेलाची चुलत बहीण, ती त्याच वर्षी जोसेफचा धाकटा भाऊ लिओपोल्डला दिली. म्हणजे इझाबेला असती तर चुलत बहीण तिची जाऊ झाली असती.

पण खरी मजा नणंदांची आहे. हे काही कुठे धड मांडलेलं दिसत नाही कारण इंग्रजीत सगळे कझिन आणि सगळ्या सिस्टर-इन-लॉ, आपल्या भाषेत मांडलं की चट्कन दिसतं. नणंद अमालिया, ती १७६९ ला दिली इझाबेलाच्या सख्ख्या भावाला, पार्माच्या फर्डिनांडला. सरळसरळ साटंलोटं, फक्त इझाबेला जाऊन सहा वर्षं झाल्यावर. नणंद कॅरोलिना, ती १७६८ ला दिली इझाबेलाच्या चुलत भावाला, नेपल्सच्या फर्डिनांडला (हा तुमचा दुसरा फर्डिनांड). आणि सगळ्यात धाकटी नणंद १७७० ला दिली मामेभावाला. मामेभाऊ म्हणजे सोळावा लुई. आणि ती नणंद मारी आंत्वानेत. इझाबेला लग्न होऊन आली तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती.

थोडक्यात तीन नणंदा हिच्या माहेरच्या नात्यात गेल्या, ही मात्र त्यातलं एकही लग्न बघायला नव्हती. नातं टिकवायचं होतं ना, माणूस गेलं तरी नातं चालू.

सगोत्र_समिती:
चहा संपला, गरगर नाही संपली. पण एक विचारतो, अमालियाला विचारलं होतं का कुणी?

पाटावरची_कोरांटी:
छे. तिचं मन दुसऱ्यावर होतं, आईने ऐकलं नाही, पाच वर्षांनी लहान नवरा पदरात पडला आणि पुढे आईशी तिचं कधीच जमलं नाही. मनासारखं लग्न झालं ते एका मिमीचं, १७६६ ला, सॅक्सनीच्या अल्बर्टशी. आई मिमीच्या बाबतीत विरघळायची, बाकी भावंडं त्यावरून जळायची. व्हिएन्नातलं अल्बर्टिना म्युझियम याच जोडप्याच्या चित्रसंग्रहातून उभं राहिलंय.

कैरीचं_पन्हं:
अगंबाई! अल्बर्टिनात गेलो होतो आम्ही! पाऊस आला म्हणून शिरलो आणि कॅफेत बसून सफरचंदाचा स्ट्रुडल खाल्ला. वर जिचं घर, तिलाच ती पत्रं लिहिलेली आणि मी खाली क्रीम जास्त आहे म्हणून कुरकुर करत होते.

नाडीपरीक्षा:
डॉक्टर आहे, त्यामुळे मला तुमच्या चार्टवर वेगळंच दिसतंय. देवी झालेल्यांच्या नावाला लाल टिंब द्या बघू. आई १७५९. इझाबेला १७६३. तिच्या जागी आलेली जोसेफची दुसरी बायको मारिया जोझेफा १७६७ च्या मे महिन्यात, तेव्हा सासूलाही झाल्या, ती वाचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक नणंद, तिचंही नाव मारिया जोझेफा. ही मुलगी नेपल्सच्या फर्डिनांडला ठरलेली होती, ती गेली म्हणून कॅरोलिनाला पाठवलं, वरच्या कमेंटमधली कॅरोलिना ती हीच. आणि शेवटी १७७४ ला खुद्द पंधरावा लुई, तोही देवीनेच. त्याआधीच, १७६७ चे ते दोन मृत्यू झाल्यावर, १७६८ मध्ये मारिया थेरेसाने इंगेनहाउस नावाच्या डॉक्टरला बोलावून घरातल्या मुलांना टोचून घेतलं. जेनरची गाईच्या देवीची लस नव्हे बरं का, ती १७९६ ची. हे म्हणजे खऱ्या देवीच्या फोडातला अंश घेऊन निरोगी माणसाला टोचायचा, धोका होताच, पण आपसूक आलेल्या देवीपेक्षा कितीतरी कमी.

फाटकी_डायरी:
पत्रांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून परत आलो. मैत्री की प्रेम यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. काहीजण म्हणतात त्या काळात मैत्रिणी असंच भरभरून लिहायच्या, काहीजण म्हणतात हे त्याच्या पलीकडचं आहे, मला स्वतःला दुसरं पटतं. तुम्ही लेबल लावूच नका ना, दोन्ही मतं आहेत असं सरळ सांगा आणि दोन उतारे वाचून दाखवा, काकूंना कळायचं ते कळेल, त्यांनी आपल्यापेक्षा जास्त दुनिया बघितलीय. दुसरं म्हणजे मिमीची उत्तरं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे आपण फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकतोय, हे आवर्जून सांगा.

आणि कृपया 'बिचारी इझाबेला' करू नका. मृत्यूचा ध्यास तिच्या पत्रांत फार आहे हे खरं, पण तीच बाई व्हायोलिन वाजवायची, आणि पुरुषजात या विषयावर तिने एक खोचक निबंध लिहिलाय, त्यात नवऱ्यांची यथेच्छ हजेरी घेतलीय. राजकन्यांच्या नशिबाबद्दलही लिहिलंय, की ही मुलगी जन्मतःच दुसऱ्यांच्या समजुतींची बांधील असते आणि राज्याचं भलं म्हणून तिला अनोळखी माणसाच्या हवाली करतात. ही तक्रार नाही, हिशोब मांडावा तसं लिहिलंय. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला आवडेल.

कैरीचं_पन्हं:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री नवा कार्डशीट आणला आणि डायरींनी सांगितलं तसं वर एकच माणूस घेऊन काढलं, आजोबा एकदाच आले, जमलं! डॉक्टर, लाल टिंबं दिली, लेक म्हणाली आई हे गोवर झाल्यासारखं दिसतंय. बोलायची सुरुवात नणंदांपासून करणार, साटंलोटं शब्द आला की सगळ्या काकू जाग्या होतील.

एकच राहिलं. थोरली मुलगी काढलीय, ती पण सातव्या वर्षी १७७० ला गेली, जोसेफला पुढे मूल झालंच नाही म्हणून गादी लिओपोल्डकडे गेली. पण ती दुसरी, काही तासच जगलेली, तिला चौकट द्यायची का? बऱ्याच तक्त्यांत ती नसतेच.

पाटावरची_कोरांटी:
द्या की. तिला नाव होतं. मारिया क्रिस्टिना.

कैरीचं_पन्हं:
मला वाटलं तो नणंदेचाच उल्लेख आहे, मी दोनदा वाचून पुढे गेले होते.

काढली आत्ता. खाली जागा नव्हती, मिमीच्या चौकटीशेजारी थोडी उरली होती तिथे बसवली.