मदत हवी आहे : बोली इंग्रजीतील 'गॉना' आणि 'वॉना' कसे शिकवावे?

मी मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना संभाषणासाठीचे इंग्रजी शिकवते. त्यांना 'गोइंग टू' लिहिता येते. परंतु समोरची व्यक्ती भरभर बोलू लागली आणि त्याचे 'गॉना' किंवा 'वॉन्ट टू'चे 'वॉना' झाले, की परिचयाचे वाक्यही त्यांना अनोळखी वाटते. 'येतो आहे'चे 'येतोय' आपण सहज करतो, हे दाखवल्यावर त्यांची भीती बरीच ओसरली, याचा मला मनापासून आनंद झाला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. 'गॉना'पुढे क्रियापदच लागते, स्थळ चालत नाही, हे सांगूनही काही जण 'आय ॲम गॉना मार्केट' म्हणतात, आणि 'वॉना' तर 'ही' व 'शी' या कर्त्यांनाही जोडतात, जिथे 'वॉन्ट्स टू' हवे. नोकरीच्या अर्जातही ही रूपे उतरू लागली आहेत. माझ्या मते ती आधी केवळ ऐकून ओळखण्यापुरती शिकवावीत. पण विद्यार्थ्यांना ती लगेच बोलायची असतात आणि त्यांचा उत्साह मोडणे मला योग्य वाटत नाही.

आपल्यापैकी कोणी हा क्रम वर्गात कसा लावला आहे, आणि 'डिड यू'चे 'डिजू' ऐकू येण्यासाठी कोणता सराव उपयोगी पडला, हे कृपया सविस्तर कळवावे.