दुखणं थांबलंय, तरी रूट कॅनाल करायचं का?

रातकिडा: खालची डावी दाढ आठवडाभर रात्री ठणकत होती. गार पाणी लागलं की कळ थेट कानात, पाणी गिळल्यावरही मिनिटभर जायची नाही. डॉक्टर म्हणाले, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनाल करा, म्हणजे आतली नस काढून, साफ करून दात भरायचा. अपॉइंटमेंट घेतली आणि परवापासून दुखणंच बंद! गारही लागत नाही. आई म्हणते, काढून टाक एकदाची.

चष्मेवाली: खूश होऊ नका, नस मेली असणार. मी अशीच आठ महिने त्या बाजूने मजेत चावत होते. एका सकाळी उठले तर गाल टम्म आणि हिरडीवर पुवाची पुटकुळी. अँटिबायोटिकने सूज उतरली, कीड तशीच. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग औषध कुठून जाणार? शेवटी रूट कॅनालच केलं.

दाढीवाला दंतवैद्य: सहमत. काढली तर शेजारची दाढ त्या फटीत कलते, वरची खाली उतरू लागते. कटकट तिथून सुरू होते. पण आधी दाढ वाचण्यासारखी आहे का ते विचारा. मूळ उभं चिरलं असेल तर काढावीच लागते. हिरडीच्या वर सगळीकडून साधारण 2 मिमी चांगला दात उरत असेल तर कॅप, म्हणजे वर बसवायचं टोपण, नीट धरते. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावतात का, हेही बेधडक विचारा. आत थुंकी गेली तर साफ केलेलं वाया. खालच्या दाढेत बहुधा 3 कॅनाल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या नळ्या, असतात, कधी 4. एखादा सुटला तर दाढ पुन्हा उघडावी लागते, म्हणून घाई करणारा डॉक्टर नको.

रातकिडा: दुखतं का हो?

चष्मेवाली: भुलीची सुई टोचते तेवढंच. माझा तर आ वासून जबडाच जास्त दुखला. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठसठस.

आळशी नंबर एक: आणि कॅप टाळू नका! मी 'दुखत नाहीये ना' म्हणत वर्षभर टाळली. काहीतरी कडक चावलं आणि कट्कन आवाज आला. उभी चिरली. ती दाढ आता कागदाच्या पुडीत आहे.

रातकिडा: आत्ता चमच्याच्या दांड्याने हलकंच टकटक करून पाहिलं. शेजारची गप्प, हिने मात्र डोळ्यांत पाणी आणलं. गुरुवारी जातोय. आईला काय सांगायचं ते बघतो.